कोंबडीच्या शवविच्छेदनाचा अहवाल कसा समजून घ्यावा: नागपूरच्या मानेवाड्यातील एका ताईंच्या प्रश्नाला उत्तर

ताई, आपण पाठवलेला सोनीचा शवविच्छेदन अहवाल मी काळजीपूर्वक वाचला. सोनी तीन वर्षांची, तपकिरी अंडी देणारी लेअर जातीची कोंबडी होती. एप्रिलमध्ये तिने काही पातळ कवचाची अंडी दिली, नंतर अंडी थांबली, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात अवघे चार दिवस मलूल राहून ती गेली. अहवालात अंडनलिकेत साचलेले घट्ट पिवळे द्रव्य, उदरपोकळीत पिवळसर द्रव व फुटलेला बलक, ई. कोलाय जीवाणूंची वाढ, फिकट यकृत, आतड्यात दोन गोलकृमी, लाल झालेली फुप्फुसे, पोटावरची हिरवट त्वचा आणि अंडाशयावरच्या लहान कडक गाठी अशी नोंद आहे. आपले प्रश्न असे: यांपैकी ती नेमकी कशाने गेली, आपले काही चुकले का, उरलेल्या तीन कोंबड्यांना धोका आहे का, आणि त्यांची अंडी खावीत का. या प्रश्नांच्या ओघानेच उत्तर देतो.

अहवालात सगळ्या नोंदी एकाखाली एक लिहिलेल्या असल्यामुळे वाचणाऱ्याला त्या सारख्याच महत्त्वाच्या वाटतात, आणि एका लहानशा पक्ष्याला एकाच वेळी आठ आजार झाले होते की काय, अशी भीती मनात बसते. वस्तुतः शवविच्छेदन करणारा जे दिसेल ते सर्व लिहून ठेवतो, कारण कोणती नोंद पुढे उपयोगी पडेल हे त्या क्षणी सांगता येत नाही. वाचताना मात्र त्या नोंदींची वाटणी करावी लागते. काही बदल मृत्यूनंतर झालेले असतात, काही जिवंतपणी होते तरी मृत्यूशी त्यांचा संबंध नसतो, आणि उरलेले मोजके बदल खऱ्या आजाराचे असतात. हा क्रम मी मुद्दाम असा सांगतो आहे, कारण मृत्यूनंतरचे बदल आधी बाजूला काढले नाहीत तर पुढचा सगळा विचार भरकटतो.

पोटावरची हिरवट त्वचा आणि पित्ताशयालगत यकृतावर पडलेला हिरवा डाग हे दोन्ही मृत्यूनंतरचे आहेत. आतड्यातील जीवाणू मृत्यूनंतरही वाढत राहतात, त्यांनी सोडलेला हायड्रोजन सल्फाइड वायू रक्तातील लोहाशी संयोग पावतो आणि ऊती हिरवट-काळपट दिसू लागतात. पित्तही पित्ताशयाच्या भिंतीतून झिरपून शेजारचा भाग रंगवते. आपण विषबाधेची शंका या रंगावरूनच घेतली होती. ती शंका मनातून काढून टाकावी. फुप्फुसे लाल दिसली, त्यातही ज्या कुशीवर सोनी पडून होती त्या बाजूचे फुप्फुस अधिक गडद होते, असे अहवालच सांगतो. मृत्यूनंतर रक्त खालच्या बाजूला उतरते, त्याचा हा परिणाम आहे. तो न्यूमोनिया नव्हे. अहवालात ऊतींचे विघटन ‘मध्यम’ लिहिले आहे, तेही स्वाभाविक आहे. नागपुरात मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांच्या आसपास असतो, कोंबडीच्या शरीराचे तापमान मुळातच ४१ ते ४२ अंश, आणि त्यावर पिसांचे आवरण. अशा स्थितीत शरीर थंड होत नाही आणि काही तासांतच आतील अवयव सडू लागतात.

पुढे कधी अशी वेळ आली, आणि ती येऊ नये अशीच माझी इच्छा आहे, तर शरीर आधी थंड पाण्याने, थोडा साबण घालून, पिसांखालच्या त्वचेपर्यंत भिजवावे, म्हणजे आतली उष्णता लवकर बाहेर पडते. नंतर दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून बर्फाच्या डब्यात किंवा फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावे आणि शक्यतो २४ तासांच्या आत सेमिनरी हिल्सवरील पशुवैद्यकीय महाविद्यालयात किंवा जवळच्या पशुरोग प्रयोगशाळेत पोहोचवावे. फ्रीझरमध्ये मात्र ठेवू नये. गोठताना पेशींमधील पाण्याचे स्फटिक होऊन पेशी फाटतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची तपासणी नीट होत नाही. हात घालताना हातमोजे आणि मास्क वापरावा. काही दिवसांत अनेक पक्षी पटापट मेले असतील, तर शरीर आपण हलवूही नये. शासकीय पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा १९६२ या क्रमांकावर कळवावे.

आता मुख्य नोंदीकडे येतो. कोंबडीमध्ये सामान्यतः डाव्या बाजूचाच अंडाशय आणि डावीच अंडनलिका पूर्ण वाढते. अंडाशयातून सुटलेला बलक नलिकेच्या नरसाळ्यासारख्या तोंडात झेलला जातो, पुढे त्यावर पांढरा भाग व पडदे चढतात, आणि शेवटी कवचग्रंथीत सुमारे २० तास राहून कवच तयार होते. एकंदर २४ ते २६ तासांचे हे काम आहे. रानकोंबडी वर्षाला जेमतेम १० ते १५ अंडी घालते, तर लेअर जातीची कोंबडी तिनशेच्या आसपास. या नलिकेला विश्रांती अशी मिळतच नाही. तिचे खालचे टोक अवस्करात, म्हणजे विष्ठा आणि अंडी यांच्या सामाईक मार्गात उघडते. तिथले जीवाणू वर चढले, किंवा शेजारच्या हवेच्या पिशवीतून संसर्ग आत आला, की नलिकेला सूज येते. यालाच अहवालात ‘सॅल्पिंजायटिस’ म्हटले आहे.

सस्तन प्राण्यांत पू पातळ असतो आणि वाट मिळाली की वाहून जातो. पक्ष्यांच्या पांढऱ्या पेशींत पू पातळ करणारी विकरे पुरेशी नसतात, म्हणून त्यांचा पू घट्ट, पनीरसारखा होतो आणि जागच्या जागी साचत जातो. सोनीच्या नलिकेतील गोळा कापला तेव्हा तो कांद्याप्रमाणे पापुद्र्यावर पापुद्रा असा निघाला, असे अहवालात स्पष्ट लिहिले आहे. माझ्या दृष्टीने संपूर्ण अहवालातील हे सर्वांत महत्त्वाचे वाक्य आहे. असे थर चार दिवसांत बसत नाहीत. त्यांना कित्येक आठवडे, कधी महिने लागतात. आपल्याला दिसलेला आजार चार दिवसांचा होता, पण प्रत्यक्षात तो एप्रिलपासून, किंबहुना त्याही आधीपासून चालू असला पाहिजे.

नलिकेचा मार्ग असा बुजला की अंडाशयातून सुटणारा बलक आत झेलला न जाता उदरपोकळीत पडतो. बलक स्वतः विषारी नसतो. थोडा पडला तर शरीर तो शोषूनही घेते. पण जीवाणूंची साथ मिळाली की उदरपोकळीच्या अस्तराला दाह होतो आणि द्रव साचू लागतो. सोनीच्या पोटात सुमारे ३०० मिलिलिटर द्रव सापडला. कोंबडीला आपल्यासारखा श्वासपटल नसतो. तिची फुप्फुसे बरगड्यांना चिकटलेली असतात, आणि हवा आतबाहेर खेळवण्याचे काम हवेच्या नऊ पिशव्या करतात, त्यांतील मोठ्या पिशव्या पोटातच असतात. द्रव वाढला की या पिशव्या दबतात. शेवटच्या दोन दिवसांत ती चोच उघडून, शेपटी खालीवर हलवत श्वास घेत होती असे आपण लिहिले आहे, त्याचे कारण हे होते. तिचे वजन १ किलो ६०० ग्रॅम भरले म्हणून ती खंगलेली नव्हती, असे आपल्याला वाटले. पण अहवालात छातीचे हाड धारदार हाताला लागत होते आणि छातीचे स्नायू झिजले होते, असेही नोंदले आहे. वजनात द्रवाचा आणि त्या गोळ्याचा भार होता, म्हणून काट्यावर ते कमी दिसले नाही.

ई. कोलाय हा शब्द वाचून आपण घाबरलात, तेही समजण्यासारखे आहे. हा जीवाणू प्रत्येक निरोगी कोंबडीच्या आतड्यात असतो, त्यामुळे केवळ तो ‘सापडला’ याला फारसा अर्थ नसतो. तो कुठून सापडला आणि एकटा सापडला का, हे पाहावे लागते. मृत्यूनंतर बऱ्याच तासांनी आतड्यालगतच्या अवयवातून नमुना घेतला आणि त्यात चार प्रकारचे जीवाणू मिसळलेले आले, तर ते दूषण समजून सोडून द्यावे. सोनीच्या बाबतीत अंडनलिकेतील गोळ्याच्या मध्यातून आणि हृदयातील रक्तातून, दोन्हीकडून फक्त ई. कोलायचीच वाढ मिळाली. संसर्ग नलिकेतून रक्तात पसरला होता असे म्हणायला हा चांगला आधार आहे. एकूण, जुनाट अंडनलिकादाह, त्यातून उदरपोकळीचा दाह आणि शेवटी रक्तातील संसर्ग, हे तिच्या मृत्यूचे कारण आहे, असे मी निःशंकपणे म्हणेन.

यकृत आणि कृमी यांबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. अंडी देणाऱ्या कोंबडीचे यकृत बलकासाठी लागणारी चरबी तयार करत असते, म्हणून ते काहीसे फिकट व पिवळसर असणे नेहमीचेच आहे. यकृत ठिसूळ झालेले असते, त्यावर रक्ताच्या गाठी असत्या आणि पोटात मोकळे रक्त सापडले असते, तर गोष्ट वेगळी होती. पण तसे काही नाही. दोन गोलकृमींनी मोठी कोंबडी मरत नाही. उरलेल्या पक्ष्यांची विष्ठा तपासून गरज असेल तरच जंतनाशक द्यावे.

‘आढळले नाही’ असे लिहिलेल्या ओळी बहुतेक जण वाचत नाहीत. आपल्या उरलेल्या तीन कोंबड्यांसाठी मात्र त्याच ओळी अधिक मोलाच्या आहेत. मांडीतील दोन्ही बाजूंच्या मोठ्या मज्जातंतू सारख्या जाडीच्या आणि पांढऱ्या होत्या, म्हणजे मॅरेक्स या मज्जातंतू सुजवणाऱ्या व गाठी करणाऱ्या विषाणूजन्य रोगाची ढोबळ खूण दिसली नाही. ग्रंथिल जठरात टाचणीच्या टोकाएवढे रक्तस्राव नव्हते, ही राणीखेत, म्हणजे खेड्यांत ज्याला मानमोडी म्हणतात, त्या रोगाच्या विरोधात जाणारी गोष्ट आहे. घशाच्या आणि अवस्कराच्या नमुन्यांत बर्ड फ्लूचा विषाणू मिळाला नाही. ही शेवटची ओळ नागपूरकरांना विशेष दिलासा देणारी आहे. मार्च २०२४ मध्ये आपल्याच शहरातील शासकीय अंडी उबवणी केंद्रात बर्ड फ्लू निघाला होता, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस गोरेवाडा येथील बचाव केंद्रातील तीन वाघ आणि एक बिबट्या याच विषाणूने दगावले. या घटनांनंतर कोंबडी मेली की शेजारी विचारपूस करणारच. त्यांना अहवालातील ती ओळ दाखवावी. शिवाय बर्ड फ्लूमध्ये एकच पक्षी महिनोन्‌महिने कुढत नाही. तुरा निळा पडून, डोके सुजून एकामागून एक पक्षी पटापट मरतात.

आता जी गोष्ट अजून अनिर्णित आहे ती सांगतो. अंडाशयावर दोन ते पाच मिलिमीटरच्या, कडक, पांढुरक्या गाठी आहेत आणि त्यांपुढे ‘सूक्ष्मतपासणी प्रलंबित’ असे लिहिले आहे. म्हणजे आपल्या हाती आलेला अहवाल प्राथमिक आहे. या गाठी तीन प्रकारच्या असू शकतात. दाहामुळे आकसलेल्या, वाळलेल्या बलकाच्या पिशव्या ही पहिली शक्यता, आणि बाकीचे चित्र पाहता तीच मला अधिक संभवनीय वाटते. दुसरी शक्यता अंडाशयाच्या कर्करोगाची आहे. दोन-अडीच वर्षांपुढच्या कोंबड्यांत तो आपोआप आणि इतक्या वारंवार होतो, की माणसातील अंडाशयाच्या कर्करोगाच्या अभ्यासासाठी संशोधक कोंबडीच वापरतात. सतत अंडी सुटत राहणे हे त्यामागचे एक कारण मानले जाते. तो आतड्यांच्या आवरणावर बारीक दाण्यांच्या रूपाने पसरतो. सोनीच्या आतड्यांवर तसे दाणे नोंदलेले नाहीत. तिसरी शक्यता लसिकापेशींच्या (पांढऱ्या पेशींच्या एका प्रकाराच्या) गाठींची, म्हणजे मॅरेक्स किंवा ल्युकोसिस या विषाणूंमुळे होणाऱ्या अर्बुदांची आहे. नुसत्या डोळ्यांनी हा फरक करता येत नाही, आणि तसा दावा करणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेल्या तुकड्यांच्या काचपट्ट्या तयार होऊन त्या वाचून होईपर्यंत थोडा धीर धरावा.

आपले काय चुकले, हा प्रश्न आपण तीन वेळा विचारला आहे, म्हणून त्याचे उत्तर मोकळेपणाने देतो. पातळ कवचाची अंडी ही नलिकेच्या आजाराची पहिली खूण असू शकत होती, हे खरे आहे. पण एप्रिलच्या नागपुरात पातळ कवच दिसले की आधी उन्हाचाच विचार मनात येतो, आणि तो योग्यही आहे. कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसतात, ती धापा टाकून शरीर थंड करते. धापांमुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि कवचासाठी लागणारे कार्बोनेट तयार होण्यात अडचण येते. उन्हाळ्यात निरोगी कोंबड्याही पातळ कवचाची अंडी देतात. आपण शिंपल्याचा चुरा वाढवलात, पाण्यात बर्फ टाकलात, तट्ट्याची सावली केलीत. तुमच्या जागी मी असतो तरी पहिल्या आठवड्यात हेच केले असते. कोंबडी मूळची शिकार होणारी प्रजाती आहे. आजारी दिसणारा पक्षी कळपात टोचला जातो आणि शिकाऱ्याच्याही नजरेस आधी पडतो, म्हणून ती अगदी शेवटपर्यंत दाणे टिपत, चालत-फिरत राहते. आपण तिला दवाखान्यात नेले, तोपर्यंत गोळा तयार झालेला होता. त्यात रक्तपुरवठा नसतो, त्यामुळे प्रतिजैविक आत पोहोचत नाही. शस्त्रक्रियेने नलिका काढता येते, पण अशक्त पक्षी भूल सहन करीलच असे नाही, आणि अंडाशय मागे राहिल्यास पुढेही बलक पोटात पडू शकतो. आपण काही दिवस आधी गेला असता तरी निकाल बदलला असता, असे मला वाटत नाही.

अहवालासोबत प्रतिजैविकांच्या संवेदनशीलतेचा तक्ता आहे, आणि त्यातील ‘संवेदनशील’ औषध उरलेल्या तिघींना आधीच द्यावे का, असे आपण विचारले आहे. देऊ नये. तो तक्ता सोनीच्या नलिकेतील जीवाणूंचा आहे. तिघी निरोगी आहेत, त्यांना औषध दिल्याने नलिकादाह टळत नाही, उलट त्यांच्या आतड्यांतील जीवाणू त्या औषधाला सरावतात. तक्त्यात कोलिस्टिन हे नावही असेल. ते माणसांसाठी शेवटचा आधार असलेले औषध आहे आणि खाद्यपदार्थ देणाऱ्या पशुपक्ष्यांत त्याच्या वापरावर भारतात २०१९ पासून बंदी आहे.

हा आजार एकीकडून दुसरीकडे सर्दीसारखा पसरत नाही. तिघींना धोका आहे तो त्यांच्या जातीमुळे आणि वयामुळे, म्हणून त्यांच्यावर लक्ष ठेवावे. दर आठवड्याला वजन करावे आणि त्याच वेळी छातीच्या हाडावरून बोट फिरवावे, कारण सोनीने दाखवून दिले की नुसते वजन फसवते. छातीच्या हाडाचे मागचे टोक आणि गुदद्वार यांच्यामधला भाग तळहाताने दाबून पाहावा. तो मऊ असावा. पाण्याने भरलेला, ताणलेला किंवा कडक लागला, तर लगेच एक्स-रे किंवा सोनोग्राफी करावी. कोंबडी शरीर ताठ उभे धरून, पाय फाकवून चालू लागली, पिवळट रबरासारखा तुकडा अंड्याऐवजी बाहेर पडला, किंवा घरट्यात बसून राहूनही अंडे आले नाही, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. तिघींपैकी एकीलाही शिंका, घरघर किंवा डोळ्यांतून पाणी दिसले तर तेही सांगावे. श्वसनाचे काही रोग, विशेषतः पिलू वयात झालेला संसर्गजन्य ब्रॉंकायटिस, नलिकेला कायमची इजा करून जातात.

खाण्याबद्दल मी थोडा आग्रही आहे. आपण त्यांना सकाळी उरलेले पोहे, संध्याकाळी भात-पोळी आणि मधूनमधून चिवडा देता. लेअर खाद्यात प्रथिने १६ ते १८ टक्के आणि कॅल्शियम साडेतीन ते चार टक्के असते, आणि घरच्या खाऊने पोट भरले की ते खाद्य तेवढे खाल्ले जात नाही. मीठ आणि तेलामुळे इतर त्रास होतात आणि चरबी वाढते. चिवडा पूर्ण बंद करावा, बाकीचा खाऊ एका मुठीपुरता ठेवावा. पावसाळ्यात मका आणि शेंगदाण्याची पेंड दमट जागी ठेवू नये, बुरशीचे विष यकृत खराब करते. अंडी टिकावीत म्हणून हिवाळ्यात खुराड्यात रात्री दिवा लावता, तोही बंद करावा. दिवस लहान झाला की अंडी थांबतात आणि नलिकेला तेवढीच विश्रांती मिळते. घरट्यातील भाताचे तूस कोरडे ठेवावे, आणि कूलरचा ओला झोत थेट त्यावर येऊ देऊ नये.

तिघींची अंडी खायला हरकत नाही, बलक घट्ट होईपर्यंत शिजवून खावीत. फुटलेली किंवा विष्ठेने माखलेली अंडी टाकून द्यावीत. सोनीची एप्रिलमधील अंडी मुलांनी खाल्ली होती म्हणून आपण चिंतेत आहात. ती शिजवलेली होती आणि त्याला आता दोन महिने झाले आहेत, त्याबद्दल काळजी करू नये. मुलांना कोंबड्यांना हाताळल्यावर साबणाने हात धुण्याची सवय मात्र लावावी.

सूक्ष्मतपासणीचा अहवाल आला की त्यात अंडाशयाची ओळ प्रथम वाचावी. तिथे दाह किंवा कर्करोग लिहिले असेल, तर वर सांगितल्याहून वेगळे काही करावे लागणार नाही. लसिकापेशींचे अर्बुद असे लिहिले असेल, तर मात्र नवी पिले आणण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे. मॅरेक्सचा विषाणू पिसांच्या कोंड्यात महिनोन्‌महिने टिकतो, म्हणून तसे निघाल्यास खुराड्यातील सगळे तूस काढून जाळावे, जागा धुऊन निर्जंतुक करावी, पहिल्याच दिवशी मॅरेक्सची लस दिलेली पिलेच घ्यावीत, आणि तीही सुरुवातीचे काही आठवडे मोठ्या कोंबड्यांपासून दूर, वेगळ्या खोलीत वाढवावीत.